शिलाईआधी सुरक्षितता : शिवणक्लासमध्ये काय शिकवले जावे?

शिवणकाम हा आपल्या समाजातील फार मोठ्या वर्गाच्या रोजीरोटीचा आधार आहे. मुंबईत धारावी, मदनपुरा, कुर्ला, गोवंडी या भागांत गल्लोगल्ली तयार कपड्यांचे छोटे कारखाने आहेत. राज्यातल्या कोणत्याही शहरात मुस्लिम मोहल्ल्यात शिरले की टेलर मास्टरचे दुकान आणि एखादा शिवणक्लास हमखास दिसतो. घराच्या पुढच्या खोलीत चार-पाच मशीन मांडून एखादी आपा मुलींना शिकवत असते. कुठे ट्रस्टचा क्लास असतो, कुठे शाळेचा, कुठे महिला मंडळाचा. सहा महिन्यांत मुलगी सलवार-कमीज, ब्लाऊज, फ्रॉक बेतायला आणि शिवायला शिकते, प्रमाणपत्र घेते आणि कामाला लागते. मापे, बेतणे, काज-बटण, पिको-फॉल हे सर्व तिला येते. मात्र सुई बोटातून आरपार गेली तर मशीनचे काय करायचे, मशीनला झटका येत असेल तर काय तपासायचे, खोलीत धूर झाला तर कोणत्या वाटेने बाहेर पडायचे, हे तिला बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.

"कारखान्यात गेल्यावर अनुभवाने सगळे येते," असे पुष्कळ उस्ताद म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. कारखान्यात काम पीसवर चालते. जितके नग, तितका पैसा. अशा ठिकाणी नवख्या कारागिराला शेजारचा माणूस शिकवतो तो वेग शिकवतो. बोट वाचवण्यासाठी लावलेली तारेची कडी कामात आड येते म्हणून ती काढून कशी ठेवायची, हेही तोच शिकवतो. एकदा हाताला लागलेली सवय मग तीस वर्षे सुटत नाही. क्लासमध्ये मात्र नगाची घाई नसते, मालाची तारीख नसते. मशीनवर हात बसण्याचे पहिले काही आठवडे तिथेच जातात. म्हणून सुरक्षिततेचे शिक्षण द्यायचे तर ते तिथेच देता येईल.

दुसरे कारण कायद्याचे आहे. १९४८ च्या मूळ कारखाने कायद्यात विजेवर चालणारा आणि १० किंवा अधिक कामगार असलेला गाळा कारखान्यात मोडत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत हीच मर्यादा २० कामगारांवर गेली आहे. आपले बहुसंख्य गाळे पाच-सात मशीनचे, आणि घरी बसून पीसवर शिवणाऱ्या भगिनी तर कोणत्याच गाळ्यात नाहीत. त्यांच्याकडे निरीक्षक येणार नाही आणि भिंतीवर नियमांचा तक्ताही लागणार नाही. क्लासमध्ये शिकले तेवढेच त्यांच्यापाशी राहील.

सरकारी आयटीआयच्या शिलाईच्या अभ्यासक्रमात सुरक्षिततेचा पाठ अगदी सुरुवातीला आहे. कौशल्य विकासाच्या शिवणयंत्र चालकाच्या अभ्यासक्रमातही आरोग्य व सुरक्षा हा स्वतंत्र भाग आहे. पण कागदावर असणे वेगळे आणि हातात उतरणे वेगळे. बहुतेक ठिकाणी हा पाठ म्हणजे वहीत लिहून घेतलेले दहा नियम आणि परीक्षेत येणारा एक प्रश्न, एवढ्यावर संपतो. खाजगी क्लासमध्ये तर तेवढेही होत नाही.

सुई आणि बोट

पायमशीनवर शिकलेली मुलगी कारखान्यात जाते तेव्हा तिच्या पुढ्यात जुकी किंवा तशीच भारी मशीन येते. ही मशीन मिनिटाला चार ते पाच हजार टाके घालते. म्हणजे एका सेकंदात सुमारे सदुसष्ट ते त्र्याऐंशी टाके. बोट सुईखाली जात आहे हे डोळ्याला दिसून मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच सुई दोन-चार वेळा वरखाली झालेली असते. त्यामुळे "लक्ष देऊन शिव" हा सल्ला पुरेसा नाही. या वेगापुढे लक्ष अपुरे पडते. बोट मुळात तिथे जाणारच नाही अशी व्यवस्था हवी, आणि ती व्यवस्था म्हणजे सुईच्या पुढे बसणारी तारेची कडी, जिला फिंगर गार्ड म्हणतात. ही कडी अगदी स्वस्त असते आणि एका स्क्रूवर बसते. क्लासच्या प्रत्येक मशीनवर ती असलीच पाहिजे, म्हणजे कडीसह शिवण्याची सवय लागते आणि पुढे कडी नसलेली मशीन पाहिली की चुकल्यासारखे वाटते. ओव्हरलॉकला सुईपुढे डोळ्यांसाठी पारदर्शक झाकण असते. सुई तुटून तुकडा उडाला तर तो या झाकणावर आपटतो.

दुसरी गोष्ट मोटरची. जुनी क्लच मोटर घूं-घूं आवाज करीत सतत फिरत राहते. बटण बंद केल्यावरही ती काही वेळ आपल्या जोरावर फिरत असते. त्या अवधीत पॅडलवर पाय पडला तर सुई खाली येते. म्हणून बटण बंद केल्यावर हात सुईपासून दूर ठेवून पॅडल दाबावे, उरलेली फेरी संपू द्यावी आणि मगच दोरा ओवायला हात पुढे न्यावा. आता बहुतेक ठिकाणी सर्वो मोटर आली आहे. ती विजेची बचत करते आणि शिलाई थांबली की पूर्ण गप्प होते. इथेच धोका आहे. मशीन गप्प आहे म्हणजे बंद आहे असे वाटते, मुलगी वाकून दोरा ओवते, पाय पॅडलवरच असतो आणि जरासा दाब पडताच सुई नखातून जाते. यावर एकच नियम शिकवावा : हात सुईकडे गेला की पाय पॅडलवरून जमिनीवर. सुई बदलताना, फूट बदलताना, बॉबिन काढताना, प्रत्येक वेळी. सुई बदलायची असेल तर बटणही बंद. आपांनी स्वतः हे कटाक्षाने पाळले तर वेगळे सांगावेही लागत नाही, मुली त्यांच्या पायांकडे पाहूनच शिकतात.

इतके करूनही सुई बोटात गेलीच तर? पहिली गोष्ट, हात ओढायचा नाही. ओढला की सुई आत तुटते. पाय काढावा, बटण बंद करावे आणि मशीनचे चाक हाताने सावकाश फिरवून सुई वर आणावी. हे काम शेजारणीने करावे, कारण जिच्या बोटात सुई आहे तिचे हातपाय गळालेले असतात. मग सुई काढून पाहावी. टोक शाबूत असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, स्वच्छ कापड बांधावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. टोक तुटलेले असेल तर चिमटा घेऊन उकरत बसू नये, थेट दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढावा. जखमेवर मशीनचे तेल, चुना, तंबाखू असे काहीही लावू नये.

तुटलेल्या सुईचा विषय निघालाच आहे तर व्यवहाराची एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी माल पाठवणाऱ्या चांगल्या कारखान्यांत सुई तुटली की तिचे सर्व तुकडे शोधून कागदावर जोडून चिकटवावे लागतात. त्याची नोंद होते आणि तुकडे जमा केल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. एखादा तुकडा सापडला नाही तर तो कपडा, कधी शेजारचा मालही बाजूला काढतात. लहान मुलाच्या झबल्यात सुईचे टोक निघाले तर अख्खी ऑर्डर परत येते. क्लासमध्ये हीच पद्धत ठेवायला खर्च काहीच नाही : एक वही, थोडी चिकटपट्टी आणि एक झाकणाचा डबा. अशी सवय असलेल्या मुलीला कारखान्याच्या मास्टरसमोर पहिल्याच दिवशी मान मिळतो, हे आपल्या क्लासचालकांनी लक्षात घ्यावे.

तोंडातल्या टाचण्या आणि ओढणीची टोके

टाचण्या ओठांत धरून माप जुळवण्याची सवय टेलर मंडळींत सर्रास आहे. बोलता-बोलता, हसताना किंवा खोकताना टाचणी आत जाते. पोटात गेली तर बऱ्याचदा निघून जाते, पण श्वासनळीत गेली तर दुर्बीण घालूनच काढावी लागते. आपल्या भगिनींसाठी यात एक खास गोष्ट आहे. हिजाब बांधताना दोन्ही हात गुंतलेले असल्याने पिन ओठांत धरतात आणि ती श्वासाबरोबर आत ओढली जाते. तुर्कस्तान, इजिप्त वगैरे देशांतील डॉक्टरांनी अशा तरुण मुलींच्या केसेसची वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंद केली आहे. तेव्हा शिवणक्लासमध्ये टाचणीसाठी मनगटाला बांधायची गादी प्रत्येकीने स्वतः शिवावी. नवख्या मुलीला हा पहिला नग म्हणून देण्यासारखा आहे : छोटा आहे, हाताला वळण लावतो आणि पुढे रोज उपयोगी पडतो.

ओढणी आणि बुरख्याच्या सैल बाह्या यांचा प्रश्न आपल्याकडे नाजूक मानला जातो आणि म्हणून टाळला जातो. टाळण्यासारखे त्यात काही नाही. मशीनच्या बाजूच्या चाकात किंवा मोटरच्या पट्ट्यात ओढणीचे टोक अडकले तर ते क्षणात गुंडाळले जाते आणि गळ्याला फास बसू शकतो. डोके झाकूनही हे टाळता येते. ओढणीची दोन्ही टोके मागे नेऊन गाठ मारावी किंवा वर ॲप्रन घालून ती त्यात खोचावी. बाह्यांना मनगटापाशी इलॅस्टिकचे आवरण चढवावे. वेणी ओढणीच्या आत. बांगड्या आणि अंगठ्या काढून डबीत. आणि पट्ट्यावरचे झाकण, जे दुरुस्तीवाला काढतो आणि परत लावायला विसरतो, ते लावूनच घ्यावे.

क्लासमध्ये चपला दाराबाहेर काढण्याची आपली रीत आहे. स्वच्छतेला ती चांगली, पण अनवाणी पायाला जमिनीवरची टाचणी आणि टेबलावरून निसटलेली कात्री दोन्ही गाठतात. घरातल्या वेगळ्या बंद चपला वापराव्यात. दिवस संपताना जमिनीवरून एक लोहचुंबक फिरवावे. पडणारी कात्री कधीही झेलू नये, पाय मागे घेऊन तिला पडू द्यावे, हे मुलींना मुद्दाम सांगावे लागते, कारण महागाची वस्तू वाचवायला हात आपोआप पुढे जातो.

कापड थर लावून कापण्याची विजेची मशीन लहान क्लासमध्ये नसते. पण क्लासमधून निघालेली मुले त्याच मशीनवर हेल्पर म्हणून लागतात. तेव्हा कापड दाबून धरणाऱ्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा घातल्याशिवाय आणि पात्यापुढची पट्टी थरापर्यंत खाली आणल्याशिवाय ती चालवायची नसते, एवढे तरी त्यांच्या कानावर घालून ठेवावे. या पात्याने गेलेले बोट परत येत नाही.

एक बोर्ड, सहा पिना

आपल्या क्लासमध्ये आणि गाळ्यांत वीज कशी असते? भिंतीला एक बोर्ड, त्यावर एक एक्स्टेन्शन, त्याच्यावर दुसरे, आणि त्यावर मशीन, पंखा, दिवा व इस्त्री. हिशेब करून पाहू. क्लच मोटर साधारण ४०० वॅटची धरली तर दोन मशीनचे ८०० आणि इस्त्रीचे १००० असे १८०० वॅट झाले. २३० व्होल्टला याचा प्रवाह पावणेआठ अँपिअर होतो. छोटा सॉकेट असतो ६ अँपिअरचा. प्लग गरम होतो, प्लास्टिकचा वास येतो, आणि वास येऊ लागला की आपण खिडकी उघडतो. इस्त्रीसाठी १६ अँपिअरचा मोठा सॉकेट वेगळा हवा आणि त्याची वायर चालण्याच्या वाटेत नको. हा हिशेब मुलींकडून पाटीवर करून घ्यावा. ज्या मुलीला कापडाचा हिशेब येतो तिला वॅटचाही येतो.

मशीनचे अंग लोखंडाचे असते, म्हणून अर्थिंग हवेच. तीन पिनांचा प्लग मोडला की तिसरी पिन काढून दोन वायरी सरळ भोकात खुपसण्याची आपली कारागिरी प्रसिद्ध आहे. ती तिसरी पिनच जीव वाचवते. मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर "थोडा करंट येतो, चालतेय" म्हणून पुढे शिवू नये. मेन बोर्डवर झटका बसताच वीज तोडणारे यंत्र, ज्याला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतात, ते ३० मिलिअँपिअरचे बसवून घ्यावे. भाड्याच्या जागेत मालक टाळाटाळ करतो हे खरे, पण हा खर्च एका मशीनच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

घरगुती मशीनच्या जुन्या पायपॅडलबद्दलही सांगितले पाहिजे. ते आतून तापते. त्यावर कापडाचा गठ्ठा पडला आणि प्लग चालूच राहिला तर मशीन आपोआप चालू होते किंवा पॅडल तापत राहते. म्हणून जेवायला, नमाजला, पाणी प्यायला उठले तरी प्लग बंद. इस्त्रीचे तर विचारायलाच नको. ती लाकडी टेबलावर आडवी न ठेवता धातूच्या स्टँडवर उभी ठेवावी. भाजले तर भाग वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, बर्फ, तेल काही नको. अंगावरचा पॉलिएस्टरचा कपडा वितळून कातडीला चिकटला असेल तर तो ओढून काढू नये.

दरवाजा

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. सुईने बोट जाते, दाराने जीव जातो.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. कामगार चोरी करतील, मध्येच बाहेर जातील म्हणून एका बाजूचे दार कुलूपबंद ठेवलेले होते. १४६ माणसे मेली आणि त्यांत बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली होत्या. ही घटना जगभर गाजली, अमेरिकेत कायदे बदलले. पण ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या बलदिया टाऊनमधील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात पुन्हा तेच झाले. खिडक्यांना लोखंडी गज, बाहेर पडण्याच्या वाटा बंद. अडीचशेहून जास्त कामगार गेले. ती आग मुद्दाम लावण्यात आली होती, असा निकाल तिथल्या न्यायालयाने २०२० मध्ये दिला. आग कोणीही लावलेली असो, उघड्या दारातून माणसे बाहेर पडली असती.

हे दूरचे झाले. आपल्या महाराष्ट्रातही याच वर्षांत काय घडले ते पाहा. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेल्या कामगारांपैकी सहाजण मृत्यू पावले. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे त्याच शहराच्या छावणी भागात शिलाईच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणारे एकाच कुटुंबातील सातजण गुदमरून गेले. आग त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच धूर पोहोचला होता. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील टॉवेल कारखान्यात आठजण गेले. मालकाचे कुटुंब तिथेच राहत होते.

तिन्ही ठिकाणी कारणे वेगवेगळी असतील. पण खाली कापड आणि वर किंवा आत माणसे झोपलेली, ही मांडणी आपल्या ओळखीची आहे. आपले निम्मे गाळे असेच आहेत. गावाकडून आलेला कारागीर मशीनच्या बाजूला पथारी टाकतो, चोरीच्या भीतीने शटर बाहेरून कुलूप लावून बंद होते आणि जिन्यात कतरनीच्या गोण्या रचलेल्या असतात. कतरन म्हणजे जळाऊ माल. सुती कतरन सहज पेटते, कृत्रिम धाग्याची आणि फोमची कतरन काळाकुट्ट विषारी धूर करते.

मुलींच्या क्लासमध्ये आणखी एक गोष्ट असते, तिचा उच्चार फारसा होत नाही. पडद्यासाठी दार आतून कडी लावून बंद ठेवतात. कधी वरची खिट्टी, खालची खिट्टी आणि कुलूपसुद्धा. खिडक्यांवर पत्रा किंवा प्लायवूड. हेतू चांगला आहे, परिणाम मात्र कराचीच्या गजांसारखाच होऊ शकतो. पडदा कापडाचा असावा, कुलपाचा नसावा. दाराला आत चावीशिवाय, एका हाताने, अंधारात उघडेल अशी एकच कडी असावी. खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप करून घ्यावी. दारापर्यंतची वाट, दोन माणसे शेजारून जातील इतकी, नेहमी मोकळी असावी. आणि दिवसभराची कतरन रात्री खोलीत राहता कामा नये.

दाराजवळ अग्निशामक नळकांडे असावे, कोरड्या भुकटीचे, ज्यावर ए-बी-सी लिहिलेले असते. विजेच्या आगीवर पाणी मारायचे नाही, आधी मेन बंद करायचा. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल तोवरच विझवण्याचा प्रयत्न करावा. त्यापलीकडे गेली तर मशीन, कापड, ऑर्डर, मोबाईल सर्व सोडून बाहेर. धूर असेल तर जमिनीलगत वाकून. बाहेर ठरलेल्या जागी जमून मुली मोजाव्यात आणि १०१ ला फोन करावा. महिन्यातून एकदा, आधी न सांगता, हा सराव करून पाहावा. पहिल्या वेळी मुली हसतील, दुसऱ्या वेळी कमी हसतील.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. उजेड कामाच्या हाताच्या बाजूने नव्हे तर उलट बाजूने आणि सुईवर पडावा. स्टूलची उंची अशी असावी की कोपर टेबलाच्या पातळीत राहील. कारागिराची मान आणि कंबर चाळिशीतच जाते ती बहुधा स्टूलामुळे. दर अर्ध्या तासाने उठून मान सरळ करावी, डोळे लांब पाहू द्यावेत. ओव्हरलॉकचा तंतू नाकात जातो, म्हणून रुमाल किंवा मास्क वापरावा. डाग काढायला पेट्रोल, थिनर वापरतात ते उघड्या हवेत, इस्त्रीपासून लांब, आणि बाटलीवर नाव लिहून. पाण्याच्या जुन्या बाटलीत तर मुळीच नाही.

शिकवायचे कसे?

नियमांचा तक्ता भिंतीवर लावून काही होत नाही. दोन दिवसांनी तो कोणाच्या नजरेत येत नाही. पहिला आठवडा बिनधाग्याचा ठेवावा. कागदावर पेन्सिलीने रेघा, चौकोन, गोल आखावेत आणि त्या रेघांवरून रिकामी सुई चालवावी. हा जुनाच धडा आहे आणि फार चांगला आहे, कारण यात हात आणि पाय एकमेकांचे ऐकू लागतात. जी मुलगी सांगताक्षणी मशीन थांबवू शकते तिलाच दोरा द्यावा.

मग एखाद्या सकाळी आपांनी मुली येण्याआधी खोलीत मुद्दाम दहा चुका करून ठेवाव्यात. एका मशीनची कडी काढलेली, इस्त्री आडवी (पण प्लग न लावलेली), वाटेत गोणी, टेबलाच्या कडेला उघडी कात्री, एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन, दाराला दोन कड्या. मुलींनी त्या शोधून काढाव्यात. अशी एक सकाळ दहा व्याख्यानांचे काम करते. कधीकधी मुली अकरावी चूक काढतात, जी आपांनी ठेवलेलीच नसते.

आणखी एक गोष्ट शिकवावी लागेल आणि ती सर्वात अवघड आहे : बोलणे. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला तडे गेलेले सर्वांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीतली बँक आणि दुकाने बंद राहिली, पण शिवणकामगारांना मात्र वर बोलावण्यात आले. इमारत कोसळून ११३४ माणसे मेली. कामगारांना धोका दिसत नव्हता असे नाही. त्यांना नाही म्हणता आले नाही. आपल्या मुलींना मास्टरशी उलट बोलायला शिकवायचे नाही, पण "उस्ताद, मशीनला झटका येतो, मी बटण बंद केले आहे, दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्या मशीनवर बसते," एवढे वाक्य मान खाली न घालता म्हणता आले पाहिजे. क्लासमध्ये एकीला मास्टर करावे आणि दुसरीला हे बोलायला लावावे. पाच वेळा म्हटलेले वाक्य सहाव्या वेळी सहज येते.

जे लोक दानधर्म करतात त्यांनाही इथे काही सांगावेसे वाटते. विधवा आणि गरजू भगिनींना जकातीच्या वा देणगीच्या रकमेतून शिलाई मशीन वाटण्याचे कार्यक्रम आपल्याकडे पुष्कळ होतात. फोटो निघतात, हार घातले जातात. त्या मशीनबरोबर फिंगर गार्ड, पट्ट्याचे झाकण, तीन पिनांचा प्लग आणि एक दिवसाची शिकवण दिली तर खर्चात फारसा फरक पडत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत दर्जीचाही समावेश आहे. त्यात पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ठेवलेली आहे. ज्यांनी नाव नोंदवले आहे त्यांनी मशीन निवडताना दुकानदाराकडून ही कडी आणि झाकण मागून घ्यावे. न मागता कोणी देत नाही.

क्लासच्या शेवटी प्रमाणपत्रासाठी कमीजचा नमुना पाहतात. त्या दिवशी आणखी अर्धा तास काढावा. प्रत्येकीने मशीन पूर्ण थांबवून सुई बदलून दाखवावी. बोटात सुई गेली आहे असे धरून शेजारणीची सुटका करून दाखवावी. मेनचे बटण कुठे आहे ते डोळे मिटून हाताने दाखवावे. मग आपांनी घड्याळ हातात घेऊन "धूर!" म्हणावे आणि सर्व मुलींनी दिवे बंद असलेल्या खोलीतून बाहेर यावे. एका मिनिटात शेवटची मुलगी बाहेर आली नाही तर त्याच दिवशी मशीनची मांडणी बदलावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ लावावे.